कॉलेजच्या आवारात मांडव ठोकून धरणं बसलं तर नियम काय असावा? समितीत नाव आलंय, सल्ला हवा

धंतोलीची मास्तरीण (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नागपुरातल्या एका अनुदानित कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवते. कॉलेजचं नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखू येईल त्यांनी कृपया पोटात ठेवावं.

झालं असं. शिष्यवृत्ती खात्यात पडली नव्हती म्हणून काही मुलांचे परीक्षेचे फॉर्म ऑफिसने अडवून धरले. मुलांनी निवेदन दिलं. ऑफिसने ते टेबलावर ठेवून घेतलं, पण आवक क्रमांक टाकला नाही. पुन्हा दिलं, पुन्हा तेच. मग एका सकाळी बिछायत केंद्रातून बल्ल्या, ताडपत्री, सतरंज्या आल्या आणि प्रशासकीय इमारतीच्या पोर्चसमोर मांडव उभा राहिला. दिवसा घोषणा आणि भाषणं, रात्री तिथेच मुक्काम. नागपूरची डिसेंबरची थंडी तुम्हाला माहीत आहे. मुलांनी मांडवाला लागूनच शेकोटी पेटवली आणि फोनाफोनी सुरू झाली: वॉचमनचा प्राचार्यांना, प्राचार्यांचा संस्थेच्या सचिवांना, सचिवांचा पोलीस ठाण्याला. पोलीस आले, नशिबाने समजूतदार निघाले, शेकोटी विझवायला लावली, मुलांशी बोलले आणि गेले. पुढे फॉर्म स्वीकारले गेले, मांडवही उठला.

आता संस्थेला 'यापुढे असं होऊ नये' अशी नियमावली हवी आहे. समितीत मी आहे, कारण विषय राज्यशास्त्र. (आमच्या विषयाच्या माणसाला असंच धरतात. निवडणुकीच्या ड्यूटीला पण आधी आम्हीच.)

सचिवांनी बैठकीत तयार मसुदाच ठेवला. त्यांचा मुलगा अमेरिकेत असतो, त्याने तिकडच्या विद्यापीठांचे नियम पाठवले आणि ऑफिसने त्यांचं मराठी केलं. तंबू-मांडव नाही. रात्री आठनंतर आवारात थांबायचं नाही. तोंड झाकायचं नाही. फलक लावायचा तर सात दिवस आधी अर्ज. आणि शेवटी आपल्याकडची खास भर: 'संस्थेची बदनामी होईल असे कोणतेही कृत्य'. सचिव म्हणाले, "कोलंबियाला चालतं ते आपल्याला का चालू नये?"

म्हणून मी कोलंबियात काय चाललं ते वाचून काढलं. १७ एप्रिल २०२४ ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गाझाच्या प्रश्नावर विद्यार्थ्यांनी हिरवळीवर तंबू टाकले. दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांनी पोलीस बोलावले, शंभरावर अटका झाल्या. विषय संपला? शेजारच्या हिरवळीवर लगेच नवे तंबू आले आणि त्यानंतर देशभर कॉलेजा-कॉलेजांत आले. ३० एप्रिलला आंदोलकांनी हॅमिल्टन हॉल ताब्यात घेतला, तीच इमारत जी १९६८ मध्येही विद्यार्थ्यांनी घेतली होती. पुन्हा पोलीस. ऑगस्टमध्ये अध्यक्ष मिनूश शफीक यांनी राजीनामा दिला. हे जर 'चालणं' असेल तर धन्य आहे.

इंडियाना विद्यापीठाची गोष्ट त्याहून मासलेवाईक. तिथे डन मेडो नावाचं मैदान १९६९ पासून सभा-निदर्शनांसाठीच राखलेलं. तंबू पडणार अशी कुणकुण लागल्यावर आदल्या दिवशी घाईघाईत एक समिती बसवून नियम बदलला, की तंबूला आधी परवानगी हवी. दुसऱ्या दिवशी राज्य पोलीस हजर, एका इमारतीच्या छतावर नेमबाजसुद्धा. दोन कारवायांत मिळून पन्नासवर लोक पकडले. नंतर तिथल्या सरकारी वकिलांनी, नियम ज्या पद्धतीने बदलला तीच घटनेच्या कसोटीवर संशयास्पद आहे असं सांगून, ते खटले पुढे चालवले नाहीत.

उलट ब्राऊन विद्यापीठाने मुलांना लिहून दिलं, की इस्रायलशी संबंधित कंपन्यांतली विद्यापीठाची गुंतवणूक काढून घेण्याची तुमची मागणी ऑक्टोबरमध्ये नियामक मंडळापुढे मतदानाला ठेवू. मुलांनी तंबू काढले. ऑक्टोबरमध्ये मंडळाने मागणी फेटाळली. मुलं चिडली असणार, पण शब्द पाळला गेला होता. आपल्याकडे यालाच 'लेखी आश्वासन' म्हणतात आणि आपल्याकडचं प्रत्येक उपोषण त्यावरच सुटतं.

आता माझी अडचण. मला मुलांची बाजू पटते म्हणून 'काहीही करा' असा नियम मी लिहू शकत नाही. शेकोटी खरोखर धोक्याची होती, वर ताडपत्री होती. पोर्चमधून दिव्यांग विद्यार्थ्यांचा रॅम्प जातो, तो निम्मा झाकला गेला होता. आणि उद्या दुसऱ्या बाजूची संघटना शेजारीच आपला मांडव घेऊन आली तर? मांडव चालेल की नाही, रात्र चालेल की नाही, पोलीस कोणी बोलवायचे, आणि त्या 'बदनामी'चं काय करायचं? ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी लिहा. भाषणं नकोत, मी रोज ऐकते.

रीडिंग रूमवाला बाप

मॅडम, थोडं आमचंही ऐका. माझी मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करते, घरी दोन खोल्या, म्हणून कॉलेजच्या रीडिंग रूममध्ये बसते. मागे तिच्या कॉलेजात असाच मांडव होता. कर्णा थेट रीडिंग रूमच्या खिडकीकडे. बरं, हिने बहिष्कारात भाग घेतला नाही तर वर्गातल्या ग्रुपवर हिचं नाव टाकून 'फितूर' म्हणाले. मागणी बरोबरच होती हो, फी आम्हालाही जड जाते. पण ज्याला बसायचं त्याने बसावं आणि ज्याला वाचायचं त्याला वाचू द्यावं, एवढं तरी नियमात आलं पाहिजे. गेट बंद करणं, वर्गातून पोरं उठवणं, नावं लावणं याला अभिव्यक्ती म्हणत असाल तर मला नाही पटत.

बंदोबस्त (निवृत्त)

मॅडम, नोकरी पोलीस खात्यात गेली, त्यातला मोठा भाग नागपूर शहरात. हिवाळी अधिवेशनाचा बंदोबस्त म्हणजे काय ते शहराबाहेरच्या माणसाला सांगून समजत नाही. एकाच दिवशी मोर्चे कुठेकुठे: मॉरिस कॉलेज टी-पॉइंट, टेकडी रोड, एलआयसी चौक. धरणं-उपोषणवाले यशवंत स्टेडियमपाशी, मांडवाला मांडव लागून. एकात अंगणवाडीताई, पलीकडे विनाअनुदानित शिक्षक, त्यापलीकडे प्रकल्पग्रस्त. दोन विरोधी मागण्यांचे मांडवसुद्धा शेजारी बसलेले पाहिलेत. मधून एक दोर आणि चार हवालदार, एवढ्यावर भागतं. तुमची दुसऱ्या संघटनेची भीती मला फार मोठी वाटत नाही. दोघांना एकच नियम लावा आणि मध्ये अंतर ठेवा.

मांडवाला घाबरू नका. बसलेला माणूस सांभाळायला सोपा असतो. तो कुठे आहे ते माहीत असतं, त्याचा म्होरक्या माहीत असतो, त्याला पाणी कुठून येतं तेही माहीत असतं. डोकेदुखी असते ती उठवलेल्या जमावाची. कोलंबियात तेच झालं ना? एका हिरवळीवरून उठवले, दुसरीवर बसले, मग इमारतीत घुसले.

मोर्चाचं गणित कसं असतं ते सांगतो, तुमच्या कामाचं आहे. मोर्चा पॉइंटवर अडवतात. मग पाच-सात जणांचं शिष्टमंडळ आमच्या गाडीतून मंत्र्याकडे जातं. बाकी लोक रस्त्यावर बसून शेंगदाणे खातात. शिष्टमंडळ परत येऊन माइकवर काय बोलतं यावर पुढची संध्याकाळ ठरते. "साहेब भेटले, निवेदन घेतलं, बैठक लावतो म्हणाले" एवढं जरी आलं तरी निम्मे लोक एसटी पकडायला निघतात. मागणी मान्य झालेली नसते हो! भेटले, एवढंच.

आणि कोणी भेटलं नाही तर काय होतं तेही या शहराने पाहिलंय. २३ नोव्हेंबर १९९४, गोवारींचा मोर्चा. लोक सरकारकडून कोणी येईल म्हणून थांबलेले. चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले, त्यात बायका आणि लेकरं जास्त. झिरो माइलजवळ स्मारक आहे, उड्डाणपुलालाही गोवारी शहिदांचं नाव आहे. त्या दिवशी माझी ड्यूटी दुसरीकडे होती, पण त्यानंतर वरिष्ठांनी आम्हाला एकच गोष्ट डोक्यात ठोकली: गर्दीला वाट बघायला लावायचं असेल तर कोणाची आणि किती वेळ, ते सांगा.

म्हणून तुमच्या मसुद्यात मला मोठी खोट दिसते ती ही, की सगळी कलमं पोरांनी काय करू नये याची आहेत. ऑफिसने काय करावं याचं एकही नाही. निवेदन कोण घेणार? आवक क्रमांक मिळणार का? उत्तर किती तासांत? तुमच्या कॉलेजात मांडव पडला तो त्या क्रमांकापायी, हे तुम्हीच लिहिलंय.

रात्री आठची वेळ कोणी काढली? तुमच्या कॉलेजात गणपती बसतो ना? दहा दिवस मांडव असतो, रात्री पोरं राखणीला झोपतात, आणि सचिव स्वतः आरतीला येतात. स्नेहसंमेलनाला डीजे किती वाजेपर्यंत चालतो ते पोलीस ठाण्याला विचारा. प्रत्येक कलम आधी गणपतीच्या मांडवाला लावून बघा. तिथे लागत असेल तर धरण्यालाही लावा: अग्निसुरक्षा, वायरिंग, रस्ता मोकळा, कर्णा दहाला बंद. तिथे लावायला जीभ अडखळत असेल तर ते कलम मांडवासाठी नाही, मांडवातल्या बोलण्यासाठी आहे.

पोलीस बोलावण्याबद्दल. रात्री एक वाजता घाबरलेल्या माणसाने फोन केला की ठाण्याला वाटतं दंगल आहे, आणि तशीच तयारी करून गाडी निघते. तुमच्याकडे चांगला अधिकारी आला. दरवेळी येईल असं धरून नियम लिहू नका.

बुटीबोरी शिफ्ट बी

मी बसलो आहे अशा मांडवात. आता बुटीबोरीला एमआयडीसीत आहे, तरी नाव नाही टाकत.

काका बरोबर बोलून राहिले, पण एक गोष्ट राहिली. जागा. मॅडम, आता तुमचे सचिव काय करतील सांगू? "मांडव चालेल, पण ठरलेल्या जागी." आणि ती जागा असेल सायकल स्टँडच्या मागचं ग्राउंड, जिथे गाजरगवत वाढलेलं राहते. आम्हाला तिथेच बसवलं होतं. दिवसभर घोषणा दिल्या, ऐकायला कुत्रं पण आलं नाही. संविधान चौकात लोक का बसतात? कारण तिथून अख्खं नागपूर जाते. दिल्लीच्या जेएनयूत २०२३ च्या नियमावलीत शैक्षणिक आणि प्रशासकीय इमारतींपासून शंभर मीटरच्या आत धरणं-उपोषण केलं तर वीस हजारांपर्यंत दंड लिहिला. आमच्या कॉलेजात शंभर मीटर मोजले तर तुम्ही गेटबाहेर पानठेल्यावर पोहोचता.

दुसरं, रात्रीचं. लोकांना वाटते पोरं हौसेने झोपतात. आम्ही झोपलो कारण पहिल्या रात्री घरी गेलो तर सकाळी मांडव गायब होता, बॅनरसकट. वॉचमन म्हणे, "मला काही माहीत नाही." आणि आठ वाजताचा नियम केला ना, तर मांडवात फक्त पोरंच उरतील. मुलींना होस्टेलचं गेट आहेच, वर तुमचा नियम. मग म्हणायचं, पाहा, मुली तर यांच्यासोबत नाहीत.

रीडिंग रूमवाल्या काकांना: कर्ण्याचं तुमचं म्हणणं मान्य. फितूर म्हणणं चूकच.

आणि मॅडम, खरी भीती कशाची असते? पोलिसांची नाही. टीसी आणि चारित्र्य प्रमाणपत्राची. आमच्या वेळी ऑफिसच्या एकाने मोबाइलवर सगळ्यांचे फोटो काढले आणि म्हणाला, "कॅरेक्टर सर्टिफिकेट घ्यायला येसान ना?" अर्धे पोरं दुपारपर्यंत घरी.

सिव्हिल लाइन्सचा वकील

उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वकिली करतो. हा सल्ला नव्हे, गप्पा समजा. फी लागत नाही.

पहिले अमेरिकेचा गोंधळ सोडवू. तिथली पहिली घटनादुरुस्ती, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी, सरकारला बांधते, म्हणून सरकारी विद्यापीठांना लागू होते. कोलंबिया खाजगी, तिला ती तशी लागू नाही. सचिवांनी खाजगी विद्यापीठाचा नियम आणून अनुदानित कॉलेजला चिकटवलाय. आपल्याकडे अनुदानित कॉलेज विद्यापीठाच्या कायद्याखाली चालतं, सरकारी पगार घेतं. विद्यार्थ्याला मनमानी शिक्षा केली तर रिट याचिका दाखल होणार हे धरूनच चाला.

झोपण्यावरून दोन देशांची दोन टोकं आहेत, ती मजेशीर आहेत. अमेरिकेत बेघरांच्या प्रश्नावर व्हाइट हाउससमोरच्या बागेत आंदोलकांना प्रतीकात्मक तंबू टाकायला परवानगी मिळाली, पण त्यात झोपायला नाही. १९८४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी वैध ठरवली: वेळ, जागा आणि रीत यांवर निर्बंध चालतील, बोलण्याच्या आशयावर नको. आपल्याकडे २०११ च्या जूनमध्ये रामलीला मैदानावर झोपलेल्या लोकांवर पोलिसांनी मध्यरात्री कारवाई केली. २०१२ च्या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना फटकारलं आणि झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे, तिचं संरक्षण जगण्याच्या हक्कात येतं, असंही त्यात म्हटलं. त्यामुळे 'रात्री उठवा' हे कलम लिहिताना हात जरा जड करा.

याचा अर्थ कुठेही कितीही दिवस बसा असा नाही. शाहीन बागेच्या निकालात, ऑक्टोबर २०२०, सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. कलम १९ शांततेने आणि शस्त्रांविना जमण्याचा हक्क देतं आणि त्यावर वाजवी निर्बंधही घालू देतं. 'वाजवी' हेच काय ते. २०१८ मध्ये दिल्लीतल्या जंतर मंतर आणि बोट क्लब इथल्या आंदोलनांबाबत न्यायालयाने सरसकट बंदी नको, नियम करा असं म्हटलं.

बंदोबस्त साहेबांची गणपतीची कसोटी न्यायालयीन भाषेत कशी दिसते ते माजलगावच्या प्रकरणात बघा. फेब्रुवारी २०२०, मुंबई उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ. नागरिकत्व कायद्याविरोधात धरणं धरणाऱ्यांना परवानगी नाकारली होती. आदेश वरकरणी सगळ्यांना लागू दिसतो, प्रत्यक्षात रोख एकाच विषयावर बसणाऱ्यांवर आहे, असं खंडपीठाने नोंदवलं आणि तो रद्द केला. कायद्याला विरोध करतात म्हणून कोणाला देशद्रोही म्हणता येणार नाही, हेही सांगितलं.

'बदनामी' आणि शिक्षा. मे २०२५ मध्ये पुण्याच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीला समाजमाध्यमावरच्या पोस्टवरून कॉलेजने थेट काढून टाकलं, तिचं म्हणणंही ऐकून घेतलं नाही. तिला अटकही झाली होती. उच्च न्यायालयाने जामीन दिला, कॉलेजचा आदेश स्थगित केला आणि परीक्षेला बसू द्यायला लावलं. नोटीस, सुनावणी आणि कारणं दिलेला आदेश या तीन पायऱ्या नियमात नसतील तर शिक्षेचं कलम कागदावरच राहील.

रीडिंग रूमवाल्या काकांचा मुद्दाही हलका नाही. लॉस एंजेलिसच्या सरकारी विद्यापीठात, यूसीएलएत, गाझासाठी पडलेल्या तंबूंपाशी ज्यू विद्यार्थ्यांना आवाराच्या काही भागातून जाण्यापासून अडवलं गेलं. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या संघीय न्यायाधीशांनी विद्यापीठाला बजावलं, की असा मज्जाव चालू देता येणार नाही. त्याच तंबूवाल्यांवर ३० एप्रिलच्या रात्री विरोधी जमावाने हल्ला केला तेव्हा पोलीस तासन्तास आले नाहीत, हीही त्याच विद्यापीठाची गोष्ट. म्हणजे दोन्ही बाजूंच्या मुलांना सांभाळण्यात ते कमी पडलं.

आणि एक. पोलिसांना आवारात यायला प्राचार्यांची परवानगी लागते हा समज आहे, कायदा तसं म्हणत नाही. पण बोलावणं तुमच्या हातात आहे, ते नियमात बांधता येतं. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात सप्टेंबर २०१४ मध्ये घेरावात अडकलेल्या कुलगुरूंनी रात्री पोलीस बोलावले. त्यातून 'होक कलरव' ('होऊ द्या गलका') हे विद्यार्थ्यांचं आंदोलन उभं राहिलं आणि जानेवारीत कुलगुरूंना जावं लागलं.

धंतोलीची मास्तरीण

सगळ्यांचे आभार. काल बैठक झाली, निम्मी लढाई तिथेच.

जागेवरून सचिव अडले, अगदी शिफ्ट बी म्हणाले तसेच. मागचं ग्राउंड! मी त्यांना १९२३ सांगितलं. त्या वर्षी नागपुरात झेंडा सत्याग्रह चालू होता. झेंडा घेऊन शहरात फिरायला कोणाची हरकत नव्हती, बंदी होती ती सिव्हिल लाइन्सकडे जायला, कारण तिथे साहेब राहायचे. स्वयंसेवक रोज त्याच रस्त्याने निघायचे आणि रोज पकडले जायचे. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, वल्लभभाई पटेल सूत्रं हातात घ्यायला आले. अखेर १८ ऑगस्टला मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली. नागपूर विद्यापीठ स्थापन झालं ते त्याच महिन्यात, ४ तारखेला. सचिवांना विद्यापीठाच्या शताब्दीचं भारी कौतुक आहे, त्यामुळे हे जरा लागलं. "दुसऱ्या गल्लीतून जा" असं सत्याग्रहींना तेव्हाही सांगता आलं असतं, पण मग तो सत्याग्रह कशाचा राहिला असता?

तर ठरलं ते असं. जागा प्रशासकीय इमारतीसमोरची हिरवळ, खिडकीतून दिसेल एवढ्या अंतरावर. पोर्च, रॅम्प आणि गेट पूर्ण मोकळं. मांडव चालेल. रात्रही चालेल, पण आग नाही, शेकोटी नाही, हीटरची लोंबती वायर नाही. थंडीसाठी कॉमन रूम उघडी ठेवायची आणि मुलींसाठी होस्टेलचं गेट त्या दिवसांत नोंद करून उघडायचं (यावर रेक्टर मॅडमशी मोठं भांडण झालं, अजून मिटलेलं नाही). कर्णा रात्री दहा ते सकाळी सहा बंद, तो देशाचाच नियम आहे, नव्याने शोध लावायला नको. वर्गात आणि रीडिंग रूममध्ये घोषणा नाहीत. कोणाला अडवणं, नाव लावून छळणं हा वेगळा गुन्हा, मागणी कितीही न्याय्य असो.

ऑफिसची बाजू: निवेदनाला हातोहात आवक क्रमांक, अठ्ठेचाळीस तासांत लेखी उत्तर, 'नाही' असलं तरी चालेल पण सहीनिशी. आणि रोज एक ठरलेला माणूस ठरलेल्या वेळी मांडवात जाऊन बसणार. प्राचार्य म्हणाले, "रोज जाऊन बोलायचं काय?" मी म्हटलं, ते तुम्हाला तिथे गेल्यावर कळेल.

सात दिवस आधीचा अर्ज काढला. फॉर्मची मुदत चार दिवसांत संपत असताना सात दिवस आधी अर्ज कोण करणार? 'बदनामी' हा शब्दही गेला, पण सचिवांनी 'संस्थेच्या प्रतिमेस बाधा' असा परत आणू पाहिला. पुढच्या बैठकीत पुन्हा येणार, खात्री आहे.

दोन गोष्टी अडल्यात. पोलीस बोलवायला तीन सह्या असं मी लिहिलं, त्यावर वाद झाला की रात्री दोन वाजता सह्या कुठून आणणार. आणि मांडवात बसणाऱ्यांच्या नावांची यादी घ्यायची का? सचिव म्हणतात जबाबदारी कोणाची ते कळायला हवं.

बंदोबस्त (निवृत्त)

सह्या नको, फोनवर तिघांचं एकमत आणि सकाळी वहीत नोंद. आग, मारामारी, कोणी बेशुद्ध पडलं तर कोणीही ११२ लावावा, त्याला विचारत बसू नये. बाकी सगळ्याला सकाळ होऊ द्या. माझ्या अनुभवात सकाळी दहापर्यंत न थांबणारा प्रश्न फार थोडा असतो.

सिव्हिल लाइन्सचा वकील

यादी नको. दोन समन्वयकांची नावं आणि मोबाइल, बस. तेही समन्वयासाठी, शिक्षेसाठी नाही, असं लिहा. आणि शिफ्ट बींचा मुद्दा शब्दशः घाला: शांततामय आंदोलनातल्या सहभागाची नोंद टीसी, चारित्र्य प्रमाणपत्र, बोनाफाइड किंवा अंतर्गत गुण यांत कोणत्याही रूपाने येणार नाही. अंतर्गत गुण विसरू नका, सगळ्यात जास्त चावतात ते.

रीडिंग रूमवाला बाप

मॅडम, हिरवळ रीडिंग रूमच्या कोणत्या बाजूला येते तेवढं सांगा.

धंतोलीची मास्तरीण

उत्तरेला, मध्ये सभागृह आहे. कर्ण्याचं तोंड पार्किंगकडे असं लिहिलंय, आणि परीक्षेच्या काळात कर्णाच नाही. अंतर्गत गुणांचं आज टाकते. त्यावर माझ्याच सहकाऱ्यांपैकी दोघांचे चेहरे बघायचे आहेत.